आपल्या देवळातील पितळी तोफ

ग्रामदेवतेच्या कृपेने आणि ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी व दानशूर हितचिंतक यांच्या सहकार्याने आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम सिद्धीस गेले. कलशारोहणाच्या या मंगल प्रसंगी निघत असलेल्या स्मरणिकेत मंदिराची माहिती, कामाचा जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली अन्यत्र दिलेली आहे. संपादक मंडळाने प्रस्तुत लेखकावर निराळेच काम सोपविले. जुन्या भांडारात जी लहानशी पितळी तोफ निघाली, तिच्याविषयी चार शब्द लिहावेत अशी आज्ञा झाली. लेखक हा इतिहासाचा पंडित नव्हे, शाळामास्तरकीत आयुष्य घालविलेला एक सामान्य ग्रामस्थ आहे. तरी यथामति, यथाशक्ति जे पाहिले व पडताळले ते पुढे मांडले आहे.

भांडाराचे कौल उतरविताना फुटक्या समया, एक चेपलेले शिंग, झिजलेले टाळ, पालखीचा मोडका दांडा आणि या ढिगाखाली धुळीने माखलेली तोफ अशा वस्तू बाहेर आल्या. तोफ देवळात आहे हे सर्वांना ऐकून ठाऊक होते. पण चाळीस वर्षांखालील मंडळींपैकी कोणी ती डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. समितीची बैठक भरली तेव्हा तीन मते पडली. पहिले मत असे की, नव्या घंटेसाठी धातू हवाच आहे, तेव्हा फुटक्या समयांबरोबर तोफही मोडीत घालावी. दुसरे मत असे की, शहरातील एक जुन्या वस्तूंचा व्यापारी चौकशी करून गेला आहे, त्याला ती देऊन येणारे पैसे फरशीच्या कामी लावावेत. तिसरे मत मानकऱ्यांचे होते. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की ही तोफ आंग्र्यांच्या आरमारातील असून त्यांच्या पूर्वजाने ती लढाईतून आणून देवीच्या चरणी वाहिली. तेव्हा सभामंडपासमोर चौथरा बांधून ती मानाने बसवावी आणि तसा शिलालेख लावावा, असे त्यांचे म्हणणे.

शिलालेख म्हटला की तो शंभर वर्षे राहणार. त्यावर जे कोरू ते आपली नातवंडे खरे म्हणून वाचणार. म्हणून समितीने ठरविले की आधी तोफ नीट तपासावी, मग काय तो निर्णय घ्यावा.

तपासणीची पहिली पायरी

जुनी तोफ हाती आली की पहिला प्रश्न तिच्या वयाचा नसतो. ती भरलेली आहे की रिकामी, हा पहिला प्रश्न. पुष्कळांना हे हसण्यासारखे वाटले. शंभर-दीडशे वर्षे पडून असलेल्या तोफेत काय असणार? पण न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्क या उद्यानात १७८० साली बुडालेल्या एका इंग्रजी जहाजावरील तोफ ठेवलेली होती. २०१३ च्या जानेवारीत तिचा गंज काढीत असताना आत सुमारे आठशे ग्रॅम बंदुकीची दारू, बोळा आणि गोळा जसेच्या तसे निघाले. पोलिसांना बोलवावे लागले. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही दारू भिजली तर निकामी होते, पण वाळली की पुन्हा पेट घेऊ शकते. आपली तोफ न पाहता भट्टीत घातली असती आणि ती भरलेली असती, तर घंटा राहिली बाजूला, तांबटाच्या जिवावर बेतले असते.

तोफ भरलेली आहे का हे पाहण्याची रीत सोपी आहे. तोफेच्या मागच्या अंगाला वरून एक बारीक भोक असते. त्याला तोफेचा कान म्हणतात. या कानात रंजक, म्हणजे बारीक दारू, घालून बत्ती देत आणि ती आग आतल्या दारूला जाऊन पोहोचे. तोंडापासून कानापर्यंतचे अंतर बाहेरून मोजायचे, मग लाकडी काठी तोंडातून आत घालून ती किती जाते ते पाहायचे. दोन्ही मापे जवळपास सारखी आली तर तोफ रिकामी. काठी अलीकडेच अडली तर आत काहीतरी आहे. लोखंडी सळई कदापि वापरू नये, कारण ठिणगीची भीती असते.

आपल्या तोफेचे बाहेरील अंतर ४८ सेंटिमीटर भरले आणि काठी ४१ सेंटिमीटरांवर अडली! तेव्हा मात्र हसणारे गप्प झाले. पोरांना देवळाबाहेर काढले. तोफेत पाणी ओतून दोन दिवस तशीच उभी ठेवली आणि मग लाकडी पळीने आतला गाळ काढला. निघाली ती कुंभारमाशीची मातीची घरे आणि एका कुजलेल्या फडक्याचा बोळा. दारू नव्हती. मग काठी थेट ४९ सेंटिमीटर आत गेली. एवढे झाल्यावर पुढच्या तपासणीस हात घातला.

माप, वजन आणि तीन आकडे

तोफेची लांबी मागची गुंडी सोडून ५५ सेंटिमीटर आहे, म्हणजे हातभरापेक्षा थोडी जास्त. मागच्या बाजूला जाडी १० सेंटिमीटर असून तोंडाकडे ती साडेसहापर्यंत निमुळती होते. नळीचे भोक साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे फार तर मोठ्या लिंबाएवढा गोळा आत जाईल. दोन्ही बाजूंना दोन खुंट आहेत, त्यांवर ती गाड्यावर तोलून बसते. अंगावर दोन-तीन साधी वलये आहेत. वेलबुट्टी नाही, सिंहमुख नाही, देवदेवतांची चित्रे नाहीत.

धातू पिवळा आहे. येथे एका गैरसमजाचा खुलासा केला पाहिजे. जुन्या वस्तूला आपल्याकडे सर्रास पंचधातूची म्हणतात. लढाईच्या उत्तम तोफा ओतीत त्या तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाच्या, साधारण नऊ भाग तांबे व एक भाग कथील या प्रमाणाच्या. घंटेसाठी कथील आणखी वाढवितात, पाचव्या हिश्शाच्याही वर नेतात. त्यामुळे नाद सुरेख येतो, पण धातू ठिसूळ होतो. तांबे आणि जस्त यांचे मिश्रण ते पितळ. ते ओतायला सोपे, चरकावर फिरवून साफ करायला सोपे आणि स्वस्तही. म्हणून लहान तोफा पुष्कळदा पितळेच्या करीत. इंग्रज लोक मात्र दोन्ही धातूंच्या तोफांना पितळीच म्हणत, आणि घोटाळा वाढला तो त्यामुळे. गावच्या अनुभवी तांबटाने मागच्या गुंडीखालची न झिजलेली जागा पाहून हे पितळ आहे असे सांगितले. म्हणजे घंटेसाठी हा धातू तसाही योग्य नव्हता.

आता सर्वांत महत्त्वाची खूण. मागच्या वलयावर इंग्रजी आकड्यांत शून्य, एक आणि बावीस असे तीन आकडे मध्ये थोडी जागा सोडून कोरलेले आहेत. मानकऱ्यांच्या घरी यावरूनच सांगत की ही आंग्र्यांच्या आरमारातील एकशे बाविसावी तोफ. कोणी म्हणे हा शक आहे, पुढचा आकडा झिजला. प्रस्तुत लेखकाने लहानपणी हे दोन्ही अर्थ ऐकले आहेत आणि त्या वयात दोन्हींवर विश्वासही ठेवला होता.

परंतु इंग्रजी तोफांवर तीन आकडे कोरण्याची एक ठरलेली पद्धत होती आणि ते आकडे वजनाचे असत. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. या हिशेबाने आपल्या तोफेवरील आकड्यांचा अर्थ होतो शून्य हंड्रेडवेट, एक चौथाई आणि बावीस पौंड, म्हणजे २८ अधिक २२, एकूण ५० पौंड. पन्नास पौंडांचे होतात बावीस किलो आणि सुमारे सातशे ग्रॅम. तर्क बरोबर आहे की नाही हे ठरविण्यास पुस्तक नको होते, तराजू हवा होता. बाजारपेठेतील धान्याच्या काट्यावर चौघांदेखत तोफ ठेवली. काटा साडेबावीस किलोंच्या किंचित वर थांबला.

त्या वेळी मानकरी काका तेथेच उभे होते. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आमची तोफ लहान केलीत." हे वाक्य लेखकाच्या मनाला लागून राहिले. त्याचे उत्तर या लेखाच्या शेवटी देण्याचा यत्न केला आहे.

दंतकथा आणि वस्तू

दंतकथा सांगणारे लोक खोटे बोलतात असे मुळीच नाही. कित्येकदा दंतकथा तंतोतंत खरी ठरते. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चमधील घंटा मराठ्यांनी आणून आपापल्या देवळांत बांधल्या असे सांगतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्याशेजारी घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर मेरी व बाल येशू यांची आकृती असून ती १७०७ सालची आहे. ही साले वसईच्या विजयापूर्वीची आणि आकृती ख्रिस्ती. म्हणजे लोक जे सांगतात तेच घंटाही सांगते. तोंडची साक्ष आणि धातूची साक्ष जुळली.

उलट उदाहरणही आहे आणि ते खुद्द आंग्र्यांच्या घरचे आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन तोफा आहेत. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या तोफा पाहून कान्होजी आंग्र्यांची आठवण न होणारा माणूस विरळा. पण त्यांच्या गाड्यांवर इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातील लो मूर येथील लोखंडी कारखान्याचे नाव आहे. तो कारखाना सुरू झाला १७९१ साली. कान्होजी आंग्रे तर १७२९ सालीच निवर्तले होते. म्हणजे किल्ला कान्होजींचा हे खरे, परंतु ते गाडे काही त्यांच्या काळचे नव्हेत. यामुळे कान्होजींची योग्यता तसूभरही कमी होत नाही. त्यांच्या पराक्रमाला त्या तोफांच्या साक्षीची गरजच नाही.

आपल्या तोफेविषयी कोणी विचारील की आंग्र्यांनी इंग्रजांची जहाजे धरली होतीच, त्यांपैकी एखाद्या जहाजावरील ही तोफ का नसावी? शंका रास्त आहे. म्हणून तोफेचे इतर अवयव पाहू. लढाईच्या लहान तोफा आपल्याकडे पुष्कळ होत्या. उंटावरून उडवायच्या जंबुऱ्या व सुतरनाळा, तटावर ठेवायच्या जेजाला ही नावे बखरींतून व कागदपत्रांतून भेटतात. जहाजांच्या कठड्यावर दुबेळक्यात बसवून चहूकडे फिरविता येतील अशा छोट्या तोफाही असत. या सर्वांची नळी लांबट असते, कारण गोळी दूर व नेमकी जायला हवी. आपली तोफ तिच्या जाडीच्या मानाने आखूड आहे. नळीच्या आतून गोळा घासून गेल्याचे ओरखडे तोंडाशी दिसायला हवेत, तेही नाहीत. आतली नळी सरळ व गुळगुळीत आहे, म्हणजे तोफ आधी भरीव ओतून मग पोखरलेली आहे. ही पद्धत युरोपात अठराव्या शतकात रूढ झाली. अंगावर नक्षी व वलये कमी असणे ही त्याहून पुढची, एकोणिसाव्या शतकातील धाटणी. त्या वेळी आंग्र्यांचे आरमार सागरावर राहिले नव्हते. विजयदुर्ग तर १७५६ सालीच पडला होता.

मग ही तोफ कशाची? याचे उत्तर तिच्या कानात मिळाले. कानाभोवती तांबूस रंगाचे एक वर्तुळ दिसते. नीट पाहिले तर पितळेत तांब्याची छोटी नळी ठोकून बसविलेली आहे. तोफ उडाली की दर वेळी जळत्या दारूचा झोत कानातून वर उसळतो आणि कान हळूहळू झिजून मोठा होतो. फार मोठा झाला की बार फुसका जातो. तेव्हा तेथे भोक पाडून तांब्याची नळी बसवितात आणि तिला नवा कान पाडतात. म्हणजे आपल्या तोफेचा पहिला कान झिजून गेला, इतक्या वेळा ती उडाली. आणि इतक्या वेळा उडूनही तिच्या नळीत गोळ्याचा ओरखडा नाही!

गोळा न घालता केवळ दारू व बोळा घालून जी तोफ उडवितात ती इशारतीची तोफ. आपली तोफ ती आहे. ती मारण्यासाठी केलेलीच नव्हती, सांगण्यासाठी केलेली होती.

इशारतीची तोफ म्हणजे काय

तार, टेलिफोन, भोंगा यांपैकी काहीच नव्हते तेव्हा लांबवर एकाच वेळी सर्वांना सांगायचे तर तोफेशिवाय साधन नव्हते. ध्वज दिवसा दिसतो, दिवा रात्री दिसतो, पण धुक्यात व पावसात दोन्ही निरुपयोगी. आवाज मात्र धुक्यातूनही जातो. म्हणून जहाजावर अशी एखादी लहान तोफ असेच. बंदरात शिरताना, नांगर उचलताना, सोबतच्या जहाजांना खूण करताना ती उडवीत. जहाज संकटात असेल तर एकेका मिनिटाने बार काढीत. हा संकेत अजूनही जिवंत आहे. समुद्रावरील वाहतुकीचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, त्यांतील संकटाच्या खुणांच्या यादीत सुमारे मिनिटामिनिटाने उडविलेली तोफ किंवा तसाच स्फोटाचा आवाज ही खूण पहिलीच दिलेली आहे.

बंदरांतून व शहरांतून वेळ सांगण्याचे कामही तोफ करी. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे १८०६ पासून दुपारच्या तोफेची परंपरा आहे. स्कॉटलंडातील एडिंबरो येथे आधी १८५२ साली टेकडीवरील मनोऱ्यावर वेळेचा मोठा गोळा खाली सोडण्याची व्यवस्था केली होती. बंदरातील जहाजे तो पाहून आपली घड्याळे लावीत. पण धुके पडले की गोळा दिसेना. म्हणून १८६१ साली किल्ल्यावरून दुपारी एकची तोफ सुरू झाली. ध्वनीला पोहोचण्यास वेळ लागतो हे ध्यानात घेऊन, शहराच्या कोणत्या भागात बार किती सेकंदांनी ऐकू येईल हे वर्तुळे काढून दाखविणारा नकाशाही तेव्हा तयार केला होता. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे देवळासमोर झालेला बार तीन किलोमीटरांवरच्या वाडीत नऊ सेकंदांनी पोहोचेल.

आपल्याकडेही हे नवे नव्हते. पेशवाईत पुण्यात रात्रीची तोफ होई आणि त्यानंतर रस्त्यावर हिंडणाऱ्यास कोतवालाचे शिपाई पकडीत. संस्थानिकांना इंग्रजांनी तोफांच्या सलामीचे मान ठरवून दिले होते. बडोद्यास एकवीस, कोल्हापुरास एकोणीस, सावंतवाडीस नऊ. पण राजाच्या आधी सलामी देवाची. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात नवरात्रात घटस्थापनेला तोफेची सलामी होते. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाच्या चैत्र यात्रेत तोफेच्या सलामीने पालखी निघते. अनेक गावांच्या जत्रांतून उखळीचे बार निघत असत तेही याच जातीचे. देव निघाला, आता सर्वांनी यावे, एवढाच त्या बाराचा अर्थ.

आपल्या गावाने तिच्याकडून घेतलेले काम

तोफेचा सागवानी गाडा पाहिला तर त्याला कारखान्यातील गोल तारेचे खिळे आहेत. हाताने घडविलेले जुने खिळे चौकोनी असत. गोल तारेचे खिळे सर्वत्र मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे तोफ इकडे आल्यावर गावच्या सुताराने तिला नवा गाडा केला. चाकांची झीज पाहता तो गाडा पुष्कळ फिरला आहे. तोफ भांडारात ठेवण्याची शोभेची वस्तू नव्हती, ती कामाची होती.

हे काम कोणते, ते खाडीपलीकडच्या वाडीतील एका वृद्ध आजींनी सांगितले. त्यांचे वय नव्वदीच्या घरात आहे. लेखक त्यांना भेटायला गेला तेव्हा त्यांना तोफेचा धातू, साल, वजन यांपैकी कशातही गोडी नव्हती. त्या म्हणाल्या, "शिमग्याला पालखी देवळातून निघाली की बार व्हायचा. तो ऐकला की माझी सासू चुलीवरची पुरणाची कढई उतरवायची आणि आम्ही पोरीबाळी तरीवर पळायचो. बार होईपर्यंत तर सोडायचा नाही, असा तांडेलाला हुकूम होता. पालखी आमच्याशिवाय निघायची, पण होळीपाशी आमच्यासाठी थांबायची." थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "एक साल बार झाला नाही. आम्ही वाट बघत राहिलो. तेव्हापासून कधी झालाच नाही."

बार का बंद झाला, याची कारणे शोधायला दूर जायला नको. दारू बाळगण्यास परवाना लागू लागला, तोफ भरणारे जाणते हात गेले, गावात लाउडस्पीकर आला. कोणी मुद्दाम बंद केला नाही. पण लाउडस्पीकरचा आवाज खाडीपलीकडे पोहोचत नव्हता, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. त्यानंतर त्या वाडीची माणसे पालखीला हळूहळू कमी येऊ लागली. यंदाच्या वर्गणीच्या यादीत त्या वाडीची नावे इतकी थोडी का, असा प्रश्न समितीत निघाला होता. त्याच्या उत्तराचा काही भाग भांडारात धूळ खात पडलेला होता, असे लेखकास वाटते.

समितीचा निर्णय

विजापूरची मुलूखमैदान तोफ सर्वांना ऐकून ठाऊक आहे. १५४९ साली अहमदनगर येथे ओतलेली ही सुमारे ५५ टनांची अवाढव्य तोफ १८५४ साली इतर निकामी सामानाबरोबर लिलावास काढण्यात आली होती. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची! किंमत फारच अल्प म्हणून आणि लोकांची तोफेवर श्रद्धा आहे हे पाहून तेथील अधिकाऱ्याने वर कळविले आणि लिलाव रद्द झाला. त्या दीडशे रुपयांना कोणी होकार दिला असता तर आज काय उरले असते? आपली तोफ मुलूखमैदानच्या हिशेबी खेळणेच. पण मोडीच्या तराजूत दोघींचा न्याय सारखाच होतो. तो तराजू धातू मोजतो, आठवण मोजीत नाही.

हा सर्व वृत्तांत समितीपुढे ठेवल्यावर निर्णय एकमताने झाला. तोफ मोडीत जाणार नाही. नव्या घंटेचा खर्च एका मुंबईकर कुटुंबाने आपण होऊन उचलला, त्यांचे गाव ऋणी आहे. तोफ विकलीही जाणार नाही. १९७२ च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू परवानाधारक व्यापाऱ्याशिवाय कोणाला विक्रीच्या धंद्यात आणता येत नाही आणि परदेशी तर खासगी माणसास नेताच येत नाही, हेही सर्वांना समजले.

तोफ सभामंडपाच्या डाव्या हातास, लाकडी चौकटीत, तिच्या जुन्या गाड्यावरच बसविली आहे. तिच्या देखभालीविषयी दोन सूचना कराव्याशा वाटतात. ती चिंच, राख अथवा वाळू लावून कोणीही चकचकीत घासू नये. समई घासल्याने उजळते, पण तोफ घासल्याने तिचे आकडे पुसतील आणि तिची वाचा जाईल. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकली की पुरे. दुसरे असे की कोणीही हौसेने तिच्यात दारू भरू नये. दीडशे वर्षांच्या ओतकामाला आतून चीर गेली असेल तर ती बाहेरून दिसत नाही. शिवाय दारूचा बार हे परवान्याचे व जोखमीचे काम आहे.

पाटीवरील मजकूर समितीने असा मंजूर केला : "इशारतीची पितळी तोफ. वजन ५० पौंड, इंग्रजी पद्धतीने कोरलेले. गोळ्याविना उडविण्याची. या तोफेच्या बारावर ग्रामदेवतेची पालखी निघत असे व खाडीपलीकडची वाडी तरीवर येत असे."

हा मजकूर वाचून दाखविला तेव्हा मानकरी काका शेवटपर्यंत ऐकत होते. त्यांना लेखकाचे सांगणे एवढेच आहे की काका, तोफ लहान झाली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती लढाईत जिंकली असे म्हणण्यास आधार मिळाला नाही, हे खरे. परंतु बत्ती देण्याचा मान आपल्याच घराकडे होता हे गावातील सर्व वृद्ध सांगतात. तिचा झिजलेला कान आपल्या पूर्वजांच्या हातून झिजला. शत्रूवर डागलेल्या तोफा महाराष्ट्रात शेकड्यांनी पडलेल्या आहेत. जिने एकाही माणसाचा जीव घेतला नाही आणि दर साली सगळ्या वाड्यांना हाक मारली, अशी तोफ आपल्या देवळात आहे, हा मान काही थोडा नव्हे.

यंदाच्या शिमग्याला बार होणार नाही, पण समितीने एक गोष्ट ठरविली आहे. पालखी निघण्यापूर्वी मानकऱ्यांच्या घरातील एकाने खाडीपलीकडे जाऊन घरोघर वर्दी द्यायची आणि तर भरून येईपर्यंत पालखीने होळीपाशी थांबायचे. पहिली वर्दी देण्यास काका स्वतः जाणार आहेत.

लेखात काही उणे-अधिक झाले असल्यास वाचकांनी चूकभूल द्यावी घ्यावी. सर्व ग्रामस्थांना, माहेरवाशिणींना, मुंबईकर मंडळींना व देणगीदारांना ग्रामदेवता आयुरारोग्य देवो आणि खाडीच्या दोन्ही तीरांवरील माणसे पालखीला एकत्र येवोत, हीच तिच्या चरणी प्रार्थना.